मागच्या फ्लेअरचे टवके

रस्त्यावर डांबर शिंपडायचे, त्यावर बारीक खडी उधळायची आणि रोलर बाभळीच्या सावलीला उभा करून सगळ्यांनी निघून जायचे, ही जी रस्तादुरुस्तीची रीत आपल्या खानदेशात रूढ झाली आहे, तिचा प्रसाद काल यावलकडून परतताना माझ्या पिकअपच्या मागच्या दोन्ही फ्लेअरना, म्हणजे चाकांवरच्या प्लास्टिकच्या कमानींना, मिळाला. फ्लेअर नुकतेच रंगवून आणले होते. मागून केळीची गाडी हॉर्नवर हात ठेवून बसली होती, तरी मी वेग वाढवला नाही. पण पुढच्या चाकांनी उचललेली खडी मागच्या चाकावरच्या फुगीर कडेवर टणटण वाजत राहिली आणि त्यातला प्रत्येक आवाज मला थेट रुपयांत ऐकू येत होता.

खडीचा राग एक वेळ गिळला असता. गाडी तशीच घेऊन मी रंगवणाऱ्याकडे गेलो. तो चहा पीत बसला होता, त्याने फ्लेअरकडे पाहिलेही नाही आणि बशीवर फुंकर मारत म्हणाला, "नाना, पिकअप आहे ना ती, टवके तर उडतीलच." ज्या माणसाने आठवड्यापूर्वी याच बाकावर बसून "नाना, आता पाच वर्षं बघायचं काम नाही" असे छातीठोक सांगितले होते, त्याच माणसाचे हे उद्गार आहेत. मी टवक्याच्या कडेला नख लावले, तर रंगाचा तळहाताएवढा पापुद्रा सुटून हातात आला आणि खाली गुळगुळीत काळे प्लास्टिक जसेच्या तसे दिसले. प्लास्टिकला घासावे लागते, त्यावरचा तेलकटपणा पुसावा लागतो, त्याचा स्वतंत्र प्रायमर असतो आणि प्लास्टिक वाकते म्हणून वरच्या क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, लवचीकपणा आणणारे द्रव्य मिसळावे लागते, हे सर्व मी काम देताना विचारले होते. "मारला ना प्रायमर," हे उत्तर होते. कुठे मारला, ते मला आजवर कळलेले नाही. तो पापुद्रा मी त्याच्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्याने तो उचलून उन्हात धरला आणि "रंगाला चमक मात्र छान आली होती," असे म्हणाला. आली होती!

चमक हाच या धंद्याचा एकमेव देव आहे. जळगावात मला सिरॅमिक कोटिंग विकणाऱ्या तरुणाने बॉनेटवर पाण्याचे थेंब घरंगळवून दाखवले होते आणि खडी लागली तरी काही होणार नाही, असे सांगितले होते. दोन-चार मायक्रॉनचा तो थर. त्याच्याखालचा कंपनीचा शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा रंगच जिथे कपचीपुढे टिकत नाही, तिथे हा काय टिकणार? कपची अडवते ती पीपीएफची, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मची, रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म, साधारण दीडशे ते दोनशे मायक्रॉनची. तिच्यावरचे बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येतात म्हणतात, आणि उष्णता भुसावळच्या मे महिन्यात आम्हाला फुकट मिळते. परंतु फिल्मची कड फ्लेअरच्या आत वळवून बसवायला वेळ लागतो, म्हणून ती बाहेरच कापून टाकतात. मग वॉशिंग सेंटरवरचा मुलगा प्रेशरचा नोझल नेमका त्या कडेवर वीतभर अंतरावरून धरतो आणि फिल्म उचकटते. दुरून पाणी मार, असे त्याला सांगितले, तर तो माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहतो.

विम्याचे नाव काढू नये. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि एवढ्याशा दाव्यापायी नो क्लेम बोनस जातो तो वेगळाच.

आणि गिरणेची वाळू ताडपत्रीवाचून नेणारे डंपर! आणि पांढरे पट्टे नसलेले गतिरोधक! आणि समोरून अप्पर टाकून येणारे ते महाभाग, ज्यांच्यामुळे गाडी साइडपट्टीवर उतरवावी लागते, जिथे सगळी सुटी खडी जमा झालेली असते!

रात्री जेवण झाल्यावर मी बॅटरी घेऊन मागच्या चाकापाशी उकिडवा बसतो आणि कडेवरून बोट फिरवतो. शेजारच्या अण्णांनी काल कुंपणावरून विचारले की, काही हरवले का. रंग हरवला, असे मी म्हणालो. त्यांच्या ट्रॅक्टरचा मूळ रंग कोणता होता हे त्यांच्या घरातही कोणाला ठाऊक नसावे, त्यामुळे ते फार हळहळले असे वाटले नाही. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, घराच्या भिंतींचे पोपडे गेल्या पावसाळ्यापासून लोंबत आहेत, तिकडे मात्र बॅटरी घेऊन कोणी बसत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि उकिडवे बसल्याने गुडघेही धरतात.

मुळात हल्ला पुढच्या चाकाचा आहे, तर त्याच्यामागेच रुंद रबरी मडफ्लॅप हवा. कंपनी देते तो फ्लॅप टायरच्या रुंदीलाही पुरत नाही, आणि रुंद टायर बसवून देणारा दुकानदार ते बॉडीच्या बाहेर येणार आहेत, हे सांगायची तसदी घेत नाही. भुसावळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात रुंद फ्लॅप मिळाला, परंतु त्यावर लाल अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' होते. साधा काळा मागितला, तर दुकानदार म्हणाला की, साधे कोणी घेत नाही. आशीर्वाद आतल्या बाजूला करून बसवा, असे मी फिटरला सांगितले, तर ते बरे दिसत नाही म्हणून त्यानेच हात आखडता घेतला.

शेवटी मी रंगवणाऱ्याला सांगितले की, बाबा रे, फ्लेअरला गाडीचा रंगच नको. हा सगळा रंग खरवडून काढ आणि हौद्याच्या तळाला मारतात तसा काळा खरखरीत थर मार, म्हणजे कपची लागली तरी दिसणार नाही. खरवडण्याचे पैसे वेगळे पडतील, असे तो म्हणाला. नखाने निघणारा रंग खरवडायचे पैसे!