भोळेपणा वगैरे ठीक, पण…

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमधल्या पेटंट औषधांवरचा (म्हणजे आत काय आहे ते गुपित ठेवून दुकानात तयार विकली जाणारी औषधं) लेख मस्तच, फक्त तेव्हाची लोकं भोळी होती म्हणून असली औषधं खपली, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही बुवा. गिरणीतल्या कामगाराला डॉक्टरची फी झेपायची नाही, आणि डॉक्टर तरी काय द्यायचे, पाऱ्याचं कॅलोमेल नाहीतर अफूच, मग दुकानातून डबी आणलेली काय वाईट? बीचमच्या पोट साफ करायच्या गोळ्या घ्या ना, १९०९ ला ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने तपासल्या तर आत काळा बोळ (कोरफडीचा सुकवलेला रस), सुंठ आणि साबण, बास! ५६ गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग (फार्दिंग म्हणजे पाव पेनी) आणि विक्री एक शिलिंग दीड पेनीला (शिलिंग म्हणजे बारा पेनी), म्हणजे शंभरपटीहून जास्त. पण निदान पोट तरी साफ व्हायचं, जीव जात नव्हता.

खरा संताप येतो तो गॉडफ्रेज कॉर्डियलचा. काकवीत अफू, आणि ते तान्ह्या बाळांना पाजायचे, आई कामावर गेली की पोर गप्प झोपून राहावं म्हणून. त्यात १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूच्या विक्रीवर बंधनं आणली पण पेटंट औषधं त्यातून वगळली!! वर बाटलीवर सरकारी कराचा स्टॅम्प, लोकांना वाटायचं सरकारनेच पास केलंय.

आणि क्लोरोडाइन कसं राहिलं लेखात? ते काढणारे कॉलिस ब्राऊन ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर, हिंदुस्थानात असताना कॉलऱ्यावर म्हणून बनवलं, अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजा सगळं एकत्र. जुलाब थांबायचे म्हणे, अफूने थांबणारच की.