दारात होडी, नळाला खडखडाट

सोलापुरात दारात काय उभं असावं याला तसा काही नियम नाही. टू-व्हीलर चालते, टमटम चालते, लग्न असेल तर रस्ता अडवून मांडव चालतो, पॉवरलूमचा गंजका सांगाडा वर्षानुवर्षं पडलेला असला तरी कुणी हूं की चूं करत नाही. पण चौदा फुटी फायबरची होडी टायरवर पालथी घातलेली दिसली की रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस गाडी स्लो करतो, काच खाली करतो नाहीतर हेल्मेट वर करतो आणि विचारतो, "काय मालक, समुद्र येतोय काय हिकडं?"

समुद्र नाही हो, मेव्हणा येतो.

मेव्हणा करमाळ्याकडचा, उजनीच्या बॅकवॉटरला. त्यांच्याकडं मासेमारी पहिल्यापासूनच, आधी भीमा नदीत आणि १९८० ला धरण झाल्यावर धरणात. आता उजनी म्हणजे आम्हा सोलापूरकरांचा जिव्हाळ्याचा विषय, स्वतःच्या पोराचे मार्क सांगता येणार नाहीत पण आज धरण किती टक्के ते चहाच्या टपरीवर कुणालाही विचारा. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृत साठा, आणि पाणी त्या मृत साठ्यात उतरलं की 'उजनी मायनसमध्ये' म्हणून गावभर बोंब. २०२४ च्या उन्हाळ्यात तर मायनस साठ टक्क्याच्या आसपास गेलं होतं. आमच्यासाठी मायनस म्हणजे टेन्शन, मेव्हण्यासाठी मायनस म्हणजे होडीची सर्व्हिसिंग. पाणी लांब सरकलेलं असतं, होडी चिखलात बसलेली असते, मासा मिळाला तरी डोक्यावर घेऊन किती चालणार, मग त्याचा फोन येतो, "दाजी, होडी धाडून देतो टेंपोत. तुमच्याकडं लाइट असती दिवसभर, ग्रायंडर चालतंय. आमच्यात काय लाइटीचा भरवसा नाय."

बायकोचा भाऊ. नाही म्हणायची सोय नाही.

आता मूळ दुखणं ऐका. लाइट आमच्याकडं आहे हे खरंच, पण होडीला पाणी लागतं, आणि आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. तेही कधी रात्री दोनला, कधी दुपारी, येणार म्हटलं की बायका घागरी मांडून बसतात आणि नळ नुसता खाकरतो. बरं हे पाणी येतं कुठून, तर बरंचसं उजनीतूनच, शंभरेक किलोमीटरच्या पाइपातून. म्हणजे होडी राहते उजनीत, पाणी असतं उजनीत, आणि दोघांची गाठ घालायची आमच्या गल्लीत, तीसुद्धा पाच दिवसांतून एकदा. मी म्हटलं अरे तिथंच धरणाच्या काठाला धुवून पाठव की, तर म्हणतो, "चिखलात कुठं धुवू दाजी, जेवढी धुवीन तेवढी माखतीया."

होडी आली ती वाळून. इथंच निम्मं काम वाढतं. शेवाळ ओलं असतं तेव्हा नुसता हात फिरवला तरी निघतं, वाळलं की मग खरवडत बसा. समुद्रातल्या बोटींच्या बुडाला म्हणे शिंपल्यासारखे कडक जीव चिकटतात आणि त्यासाठी खास विषारी पेंट मारावा लागतो. आपल्या गोड्या पाण्यात ती भानगड नाही, आपल्याकडं पुणेकर आहेत. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत, त्यावर शेवाळ असं माजतं की उन्हाळ्यात पाणी हिरवंगार, आणि तो सगळा हिरवा थर होडीच्या बुडाला. सदाशिव पेठेतलं काय काय आपण आमच्या दारात खरवडतोय याचा विचार केला की हात थांबतो, म्हणून मी विचार करत नाही.

खरवडायला लोखंडी पत्री चालत नाही. फायबरवर वरचा गुळगुळीत थर असतो, जेलकोट म्हणतात त्याला, त्यावर ओरखडे गेले की पाणी हळूहळू आत मुरतं. मग लाकडाची पट्टी, नारळाची शेंडी आणि मनगटात जोर. त्याआधी थर भिजवून ठेवायचा, आणि कमी पाण्यात जास्त वेळ ओल टिकवायची तर सोलापुरी चादरीसारखी वस्तू जगात नाही. आमच्या घरी आहेरात आलेल्या चादरींची अख्खी पेटी आहे (सोलापुरात लग्न केलं की ही पेटी आपोआप भरते), त्यातल्या दोन काढल्या, भिजवल्या आणि बुडावर पसरल्या. भिजलेली चादर दोन माणसांशिवाय उचलत नाही की पिळत नाही, पण उन्हात दोन तास ओली राहते. त्यातली एक बायकोच्या मावशीनं दिलेली निघाली. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

पाणी कुठलं वापरलं? कपडे धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, फिल्टरच्या बारक्या नळीतून वाया जाणारं. एक थेंब चांगला वापरला नाही हो. पण हे गल्लीला कोण सांगणार. समोरच्या काकू गॅलरीतून मोठ्यानं, म्हणजे मला ऐकू जाईल आणि मला बोलल्यासारखं पण वाटणार नाही अशा हिशोबानं म्हणाल्या, "आमच्यात पोरं तांब्या मोजून आंघोळ करत्यात, आन् लोकांच्या होड्या अभ्यंगस्नान करत्यात."

बुडाच्याही आधी आतली बाजू होती, ती मुद्दाम मागं ठेवली कारण आठवलं तरी मळमळतं. होडी सरळ ठेवली, फळ्या काढल्या तर खाली चिलापीची खवलं वाळून काचेच्या तुकड्यांसारखी चिकटलेली, एका कोपऱ्यात तंगूसचा, म्हणजे जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचा गुंता, त्यात एक सकर मासा, खडखडीत वाळलेला, अंगावर काटे आणि तोंड उघडं. हा मूळचा ॲक्वेरियममधला परदेशी पाहुणा, आता उजनीत जाळी फाडत फिरतो, त्याला कुणी खात नाही, विकला जात नाही. मेव्हण्यानं त्याला शेपटीला धरून बाहेर काढला तसा गल्लीतला पोरगा म्हणाला, "डायनासोर बे!" आणि मग मांजरं. आमच्या गल्लीत इतकी मांजरं आहेत हे मला माहीतच नव्हतं. संध्याकाळपर्यंत विजापूर वेशीकडची पण आली असावीत. फळीवर, इंजिनवर, होडीच्या नाकावर, एक तर थेट मेव्हण्याच्या मांडीवर, त्याच्याही अंगाला तोच वास.

माशाच्या वासाला साबण लागू पडत नाही, आंबट लागतं. तो वास अल्कली जातीचा, आम्ल लावलं की मरतो, म्हणून तर आपण मासा खाऊन झाल्यावर हाताला लिंबू चोळतो. पण मे महिन्यात लिंबाचा भाव बघता होडीपेक्षा लिंबंच महाग पडली असती, मग चिंचेचा कोळ आणि व्हिनेगर. काकूंना वास आवरेना तेव्हा त्या वरून ब्लीचिंग पावडरची पिशवी खाली सोडायला लागल्या, "हे टाका, हे टाका वरून!" तेव्हा मात्र मी ओरडलोच. व्हिनेगरवर ब्लीचिंग टाकलं की विषारी गॅस तयार होतो, क्लोरीन. काकूंना वाटलं मी त्यांच्यावर ओरडलो. ते सुद्धा होतंच थोडं.

याच धुलाईत एक बारीक गोष्ट झाली, ती लक्षात ठेवा. होडीच्या मागच्या बाजूला अगदी तळाशी एक भोक असतं, आत साचलेलं पाणी काढून टाकायला, आणि त्याला रबरी बूच, वर खटका दाबला की फुगून घट्ट बसणारं. होडीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू. मेव्हण्यानं ते काढलं, पुसलं आणि शेजारच्या काकांच्या कंपाउंडच्या कट्ट्यावर ठेवलं.

बूड साफ झालं की तपासणी. रुपयाचं नाणं घ्यायचं आणि ठोकत जायचं, वीत वीत. टण आवाज आला तर फायबर घट्ट, ढब आला तर आतले थर सुटलेत. मेव्हणा कान टेकवून ठोकतो, खडूनं फुल्या मारतो, आणि मला म्हणतो, "ऐका दाजी, फरक कळतोय का?" मला टमटमचे हॉर्न ऐकू येत होते. पण मान हलवली.

फुली मारलेली जागा ग्रायंडरनं घासायची. त्याची धूळ म्हणजे काचेचं पीठ, घामावर बसलं की अशी खाज सुटते की माणूस भिंतीला पाठ घासतो. त्यावर उपाय एकच, भरपूर थंड पाण्यानं अंग धुणं. भरपूर. थंड. पाणी. मे महिन्यात, सोलापुरात.

मग रेझिन, म्हणजे फायबरचे थर चिकटवणारा पातळ चिकट रस. तो गोठावा म्हणून त्यात हार्डनर टाकायचा, शंभराला एक-दोन भाग, उन्हाळ्यात त्यातही हात आखडता, कारण जितकं ऊन तितकं ते लवकर गोठतं. म्हणून हे काम सकाळी सहाला करायचं असतं. सकाळी सहाला मेव्हणा इडली खायला गेला होता. बारा वाजता, त्रेचाळीस डिग्रीत, आमच्या बाथरूममधल्या लाल मगात त्यानं रेझिन कालवलं, मापानं नाही, अंदाजानं, आणि मॅटचे, म्हणजे वर चिकटवायच्या काचतंतूंच्या कापडाचे तुकडे कापायला बसला. तुकडे आधी कापून ठेवायचे असतात हे त्याला माहीत आहे, मला सांगतानाही तोच सांगतो. रेझिन पातळ पसरलं तर गपगुमान वाळतं, पण भांड्यात साचून राहिलं की आपल्याच गरमीनं आपण पेटतं. तो लाल मग आधी कोमट झाला, मग हाताला चटका, मग त्यातून पांढरा धूर, मग मगाचा कान वाकला. "टाक बे, टाक खाली!" असं चारी बाजूनं सुरू झालं. त्या मगाच्या आकाराचा पिवळट ठोकळा हल्ली आमच्या मागच्या दाराला अडसर म्हणून आहे, वाऱ्यानं दार हलत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे केलं आणि झक्कास बसलं, हे पण सांगायला पाहिजे. पोराच्या हातात कला आहे, घड्याळ नाही.

आणि मग इंजिन. खरा कहर इंजिननं केला.

तेलाचा स्क्रू सोडला तर गिअरचं तेल दुधाळ. म्हणजे आत पाणी शिरलंय. कारण ठरलेलं, तंगूसचा तुकडा पंख्याच्या मागं शाफ्टला गुंडाळतो, आणि फिरून फिरून तेलाचं सील कापतो. सील बदललं, नवीन तेल भरलं, प्लग घासला, इथपर्यंत सगळं कोरड्यात झालं. पण चालू करून बघायचं तर हे इंजिन कोरडं चालत नाही. त्याच्या पोटात एक रबरी चक्र असतं, ते खालून पाणी ओढून इंजिन थंड ठेवतं, कोरडं फिरवलं की त्याची पाती जळून जातात. म्हणून पिंपात बुडवून चालवायचं. दोनशे लिटरचं पिंप. काठोकाठ.

हे वाक्य मेव्हणा गल्लीत मोठ्यानं बोलला. शांतता पसरली. कुणीतरी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

शेवटी टँकरवाल्याला जादा पैसे देऊन एक पिंप भरून घेतलं आणि ते भरताना अख्खी गल्ली दारात उभी, कुणाच्या अंत्ययात्रेलाही एवढे गंभीर चेहरे बघितले नव्हते. दोरी ओढली, ओढली, परत ओढली, आणि भडभड करत चालू झालं. पिंप थरथरायला लागलं, निळा धूर, आणि बाजूच्या बारक्या भोकातून पाण्याची सणसणीत धार बाहेर. ही धार आली म्हणजे पंप ओके. पोरांनी टाळ्या पिटल्या. कोपऱ्यावरचे आजोबा काठी टेकत आले, धार बघितली आणि म्हणाले, "आपल्या नळापेक्षा फोर्स हाय की रे."

पण हे इंजिन धूर पाण्यातच सोडतं, त्यामुळे नंतर पिंपातल्या पाण्यावर तेलाचे रंगीत गोल. ते ना झाडाला, ना भांड्याला. मग ज्यांनी ज्यांनी तोंड वाकडं केलं होतं त्यांच्या दारात सडा मारून दिला. धूळ बसली, पण दोन-चार दिवस आमची गल्ली पेट्रोल पंपासारखी... जाऊ द्या.

झालं. पुण्याकडं पाऊस लागल्याची बातमी आली, म्हणजे आता उजनी चढणार, मेव्हण्याला घाई. टेंपो आला, तालमीतली पोरं बोलावली, होडी चढवली, दोऱ्या आवळल्या, बायकोनं भाऊ निघाला म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. ड्रायव्हरनं सेल मारला आणि मेव्हणा म्हणाला, "दाजी, बूच?"

कट्ट्यावर नाही. कट्ट्याखाली नाही. गटारीत काठी घालून बघितली. पोरांना दमात घेतलं. हार्डवेअरला फोन लावला, तो म्हणतो बेसिनचं चालतंय का. मेव्हणा म्हणाला चिंध्या गुंडाळून लाकडाचा गुट्टा ठोकतो, पण बायकोनं साफ नाही सांगितलं, आणि तिचं बरोबर होतं, मेव्हण्याला पोहता येतं, इंजिनला येत नाही.

तेवढ्यात शेजारचे काका तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले. कशाची शोधाशोध चाललीय विचारलं. सांगितलं. काका दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग हातानं 'या' म्हणून आत घेऊन गेले. त्यांच्या मोरीत निळं पिंप. त्याची खालची तोटी गेल्या आठवड्यात तुटली होती, आणि त्या भोकात आमचं बूच, खटका दाबून, फुगवून, एक थेंब गळत नव्हता.

"कट्ट्यावर पडलं होतं. बसवून बघितलं तर मापात. म्हटलं देवानंच धाडलं."

"काढा की काका मग."

"काढतो की," काका म्हणाले, "पहाटंच पाणी आलंय, काठोकाठ भरलंय. कशात ओतायचं तेवढं सांगा."

गल्लीत रिकामं भांडं नव्हतं. पाणी आलेल्या दिवशी सोलापुरात वाटीसुद्धा रिकामी सापडत नाही. टेंपोवाला वेटिंगचे पैसे घेऊन परत गेला, होडी परत टायरवर, आणि मेव्हणा तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ टॉवेल खांद्यावर टाकून काकांकडं आंघोळीला जातोय, पातळी लवकर उतरावी म्हणून. पिंप निम्म्यावर आलंय. पण उद्या नळाची पाळी आहे, आणि काकांनी पाइप आत्ताच काढून ठेवलाय.