गोल्फ क्लबवर आज गोल्फ नाही, म्हणून काय सिद्ध झालं?

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला चार व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालणाऱ्या आमच्याच मंडळींचा. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: गोल्फ हा मूठभर श्रीमंतांचा खेळ आहे. सरकारी जमिनीवरची गोल्फ मैदानं म्हणजे लोकांच्या जागेची आणि पाण्याची लूट आहे. ती स्वतःचा खर्च कधीच भागवत नाहीत. नाशिकनं गोल्फ मोडून जॉगिंग ट्रॅक केला, तेच सगळीकडे करा, नाहीतर जमिनी विकून मोकळे व्हा.

यातला राग मला समजतो. एका मोठ्या शहरात सरकारी जागेवरच्या अशाच मैदानाच्या फाटकावर मला आणि माझ्या भाचीला अडवलं होतं. मेंबर आहात का, एवढाच प्रश्न. भाचीला आतली तळी जवळून बघायची होती, ती तिनं कुंपणाच्या जाळीतून बघितली. पण राग खरा असला तरी त्यातून काढलेले निष्कर्ष बरोबर असतातच असं नाही.

आधी नाशिकच्या उदाहरणाचं बघू, कारण ते उलटं वाचलं गेलंय. ज्याला आपण सवयीनं गोल्फ क्लब म्हणतो, त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. कान्हेरे म्हणजे 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा आणि 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला अठरा वर्षांचा मुलगा. नावातला गोल्फ इंग्रजांच्या काळातला. साहेब गेले आणि खेळही गेला, कारण गावातल्या कुणाच्या हातात गोल्फची काठी बहुधा कधी दिलीच नव्हती. जागा मात्र राहिली. सीबीएसपासून, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकापासून, चालत जाता येईल अशा मोक्याच्या ठिकाणी एवढं मोकळं मैदान अजून शाबूत आहे, ते का? रोज पहाटे तिथे बायका, निवृत्त शिक्षक, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळतात. तिथे रणजीचे सामने होतात, सभा होतात. या जागेला हात लावायचा तर आधी या सगळ्यांना उत्तर द्यावं लागेल. माझ्या मते नाशिकचा धडा हा आहे. गोल्फ बंद दारामागे होता म्हणून संपला. जागा उघडी झाली म्हणून वाचली. आता प्रश्न एवढाच उरतो की गोल्फ असतानाच ती उघडी ठेवता येते का.

येते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला जगभरचे गोल्फवाले तीर्थक्षेत्र मानतात. एका मैदानात 18 होल, म्हणजे चेंडू घालायचे 18 खळगे, ही प्रथा 1764 साली तिथेच पडली. ती जमीन सार्वजनिक आहे आणि 1974 च्या संसदेच्या कायद्यानुसार एक ट्रस्ट तिची व्यवस्था बघतो. तिथल्या जुन्या मैदानावर रविवारी सहसा खेळ नसतो, लोक कुत्री-मुलं घेऊन हिरवळीवर फिरतात. इतर दिवशीही पहिल्या आणि अठराव्या होलच्या पट्ट्यातून एक सार्वजनिक रस्ता जातो, लोक थांबून, चेंडू बघून तो ओलांडतात. चेंडू डोक्याला लागला तर जीव जाऊ शकतो, म्हणून चालणारे आणि खेळणारे एका वेळी एका जागी नकोत हे खरं. पण वेळ वाटून घेता येते. आपल्याकडे एकाच तलावावर बायकांची आणि पुरुषांची पोहण्याची वेळ वेगळी असतेच की.

श्रीमंतांचा खेळ? आज भारतात बऱ्याच अंशी हो. तो तसा राहतो, याचं मोठं कारण मेंबरशिप. दिल्लीत डीडीएनं, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणानं, 2000 साली कुतुब गोल्फ कोर्स उघडला, तिथे पैसे भरून कुणालाही खेळता येतं. आणि 1991 साली इंडियन ओपन ही भारतातली मोठी गोल्फ स्पर्धा जिंकणारा अली शेर हा दिल्लीच्या क्लबात दुसऱ्यांच्या बॅगा वाहणारा कॅडी होता. 1993 साली त्यानं ती पुन्हा जिंकली. आपल्या मळ्यांच्या गावांतल्या पोरांच्या मनगटात जोर कमी आहे असं मला वाटत नाही. भाड्यानं मिळणाऱ्या काठ्या, कपड्यांची अट नाही आणि शाळांसाठी राखून ठेवलेली दुपार, एवढ्यानं सुरुवात होते.

पाण्याचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि तिथे मी मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूनं अर्धी उभी आहे. गंगापूर धरणातलं पाणी जायकवाडीला किती सोडायचं यावर जिथे कोर्टकचेऱ्या होतात, तिथे धरणाचं किंवा बोअरचं पाणी गोल्फच्या हिरवळीला देणं अन्यायाचंच. पण नाशिकमध्ये तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथे सांडपाण्यावर प्रक्रिया होते. ते पाणी गवताला चालतं, शिवाय त्यात नत्र आणि स्फुरद असतं म्हणून खतही कमी लागतं. गवत कुठलं? उष्ण प्रदेशातल्या गोल्फ मैदानांवर बर्म्युडा म्हणून जे लावतात, ती आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकरी तिला वैतागतो, कारण ती उन्हाळ्यात करपून मेल्यासारखी दिसते आणि पहिल्या पावसात परत फुटते. मैदानाचा प्रत्येक कोपरा बारा महिने हिरवा दिसला पाहिजे हा हट्ट सोडला, तर पाणी खूप वाचतं. कीटकनाशकांवर मात्र कडक बंधन हवं, विशेषतः गोदावरीच्या काठाला.

खर्च भागत नाही, हेही सरसकट खरं नाही. अमेरिकेत सॅन दिएगो शहराच्या मालकीच्या टोरी पाइन्सवर 2008 आणि 2021 ला यूएस ओपन ही गोल्फमधली मोठी स्पर्धा झाली. पण आपल्याला त्याहून उपयोगी उदाहरण फ्लोरिडातल्या विंटर पार्क या छोट्या गावाचं. गावाच्या मालकीचं 9 होलचं रखडलेलं मैदान त्यांनी नव्यानं घडवून 2016 साली उघडलं आणि ते पुन्हा गजबजलं. पूर्ण 18 होलला साधारण 50 ते 60 हेक्टर लागतात. तेवढी जागा नाशिकनं का द्यावी? सिडनीत मूर पार्कचं सरकारी मैदान 18 वरून 9 होलवर आणून जवळपास 20 हेक्टर उद्यानाला द्यायचं 2023 मध्ये जाहीर झालं. कापायचं गवत कमी, पाणी कमी, राबायला माणसं कमी. नुसते चेंडू मारायचा सरावपट्टा तर आणखी थोड्या जागेत बसतो, दिवे लावले की संध्याकाळी नोकरीवाले येतात, आणि कमाई रोजची होते. कँटीन चालणाऱ्यांनाही खुलं ठेवा. चांगली मिसळ मिळाली तर नाशिककर न खेळताही येईल.

राहिलं ‘विकून मोकळे व्हा’. विकलेल्या जमिनीवर इमारत उभी राहते आणि तिलाही फाटक असतं. सिंहस्थ जवळ येतोय, तपोवनातल्या झाडांच्या तोडणीवरून काय झालं ते आपण पाहिलं. मोकळी जागा एकदा गेली की महापालिका ती परत विकत घेऊ शकत नाही. उलट गोदाकाठी निळ्या पूररेषेच्या आत जिथे बांधकाम करताच येत नाही, तिथे 9 होलची हिरवळ पुराचं पाणी दोन दिवस अंगावर घेऊ शकते.

उद्या नाशिकमध्ये कुणी अशा गोल्फ मैदानाचा प्रस्ताव आणलाच, तर मी सभागृहात जाऊन निविदेचं पहिलं पान मागेन. त्यावर चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: प्रक्रिया केलेलंच पाणी, मेंबरशिप नाही, सकाळी आठपर्यंत आणि रविवारी दिवसभर मैदान चालणाऱ्यांचं, आणि जमिनीची मालकी कायम महापालिकेची. त्यातली एक जरी नसली, तर विरोधाच्या अर्जावर त्या व्हॉट्सॲपवाल्यांच्या शेजारी माझीही सही असेल.