कोर्ट बंद नव्हतं, दुसऱ्या गावी बसलं होतं

‘प्लेगच्या काळात लंडनची न्यायालयं बंद पडायची’ हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. तारखा पुढे जायच्याच, पण पुष्कळदा अख्खं कोर्टच लंडनमधलं वेस्टमिन्स्टर, म्हणजे आपली नेहमीची जागा, सोडून दुसऱ्या गावी बसायचं. १६०३ मध्ये विंचेस्टर, १६२५ मध्ये रेडिंग, १६६५ मध्ये ऑक्सफर्ड. इंग्रज दर्यावर्दी सर वॉल्टर रॅलेवरचा राजद्रोहाचा खटला नोव्हेंबर १६०३ मध्ये विंचेस्टरच्या किल्ल्यात चालला तो याच कारणाने. त्याला लंडनच्या ‘टॉवर’ या किल्ल्यातल्या कैदेतून घोडागाडीत घालून तिथवर नेलं होतं.

पण लेखात कैद्यांबद्दल एक ओळ तरी हवी होती. कोर्टाचं सत्र पुढे ढकललं की कच्चे कैदी आतच, आणि तुरुंग म्हणजे तापाचं माहेरघर. जुलै १५७७ मध्ये ऑक्सफर्डला खटले चालू असतानाच असा ताप पसरला की न्यायाधीश रॉबर्ट बेल यांच्यासह शेकडो माणसं दगावली. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, आमचा बांधाचा दावा असाच लांबत गेला. वडील कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तालुक्याला जायचे, दाराला चिकटवलेली पुढची तारीख वाचून परत फिरायचे. फार चिडायचे. पण संध्याकाळी ते घरी तरी येत होते.