डाव्या पायाची साक्ष

हाताने गिअर टाकायच्या गाडीत काही बिघडलं, की आधी आपल्यालाच कळतं. क्लच जड लागतो, दांडा थरथरतो, रिव्हर्स टाकताना कर्रर्र वाजतं. मेकॅनिकसमोर उभं राहून आपण छातीठोक सांगतो, 'दुसरा नीट पडत नाही.' कारण दुसरा टाकणारे आपणच असतो. डावा हात आणि डावा पाय असे दोन साक्षीदार घटनास्थळी हजर असतात. ऑटोमॅटिक गाडीत हे दोघेही रजेवर. गिअर कोण टाकतं, कधी टाकतं, का टाकतं, यातलं आपल्याला काही ठाऊक नसतं. आपण आपले समोर बघत बसलेलो. मग बिघाड झाल्यावर सांगायचं काय? 'आत काहीतरी होतंय.' कोर्टात याला ऐकीव पुरावा म्हणतात आणि तो मोडीत काढतात. गॅरेजमध्ये त्याच पुराव्यावर पाऊण लाखाचं एस्टिमेट निघतं.

माझी गाडी जुनी, चार गिअरांची ऑटोमॅटिक सेडान. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे घडलं त्यात त्या बिचाऱ्यांचा काही हात नव्हता. ती मी सेकंडहँड घेतली तेव्हा माझ्या डाव्या गुडघ्याने क्लचवर बहिष्कार टाकला होता. त्या काळात ऑटोमॅटिक म्हणजे एक तर बड्या शेठची, नाही तर गुडघेदुखीवाल्याची गाडी, आणि मी शेठ दिसत नसल्यामुळे लोक पहिल्या भेटीतच गुडघ्याची चौकशी करायचे. २०१४ साली सेलेरिओबरोबर स्वस्तातली एएमटी आली आणि मग धडधाकट लोकांचेही डावे पाय निवृत्त झाले. पण एएमटीत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. माझ्या गाडीतला प्रकार जुन्या घराण्यातला. तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन एक पंखा फिरवतं, त्याने तेल उसळतं आणि त्या तेलाच्या रेट्याने समोरचा दुसरा पंखा फिरतो. पुढे गिअर बदलायचं कामही तेलाच्याच दाबावर. कुठल्या वाटेने किती तेल सोडायचं हे सोलेनॉइड नावाच्या विजेच्या झडपा बघतात, आणि त्यांना हुकूम सोडायला एक छोटा कॉम्प्युटर असतो. माझ्या एका गुडघ्याच्या जागी एवढी भरती.

बिघाडाने स्वतःची ओळख बोपदेव घाटात करून दिली. माझी सासुरवाडी सासवड. कोंढवा सोडलं, येवलेवाडी मागे पडली, घाट लागला, गाडीत पुढे-मागे माणसं, एसी चालू. निम्म्या चढावर एक सणसणीत गचका बसला, 'ओ/डी ऑफ' (ओव्हरड्राइव्ह बंद) नावाचा दिवा लुकलुकायला लागला आणि गाडीने तिसरा गिअर धरला तो सोडेचना. पाय कितीही दाबा, गाडी नुसती घोंगावत होती आणि मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर आम्हाला हॉर्न देत होता. बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि गाडी काही झालंच नाही अशा थाटात पहिल्या गिअरवर निघाली.

कॉम्प्युटरला काही गडबड वाटली की तो सगळ्या झडपांची वीज तोडतो, आणि वीज नसताना तेलाला एकच वाट उरते, तिसऱ्या गिअरची. याला लिंप मोड म्हणतात. घरी पोचता यावं म्हणून केलेली ही सोय आहे. सोय करणारा माणूस सपाट प्रदेशातला असावा.

एरवीही तक्रारी होत्याच. पी (पार्क) मधून आर (रिव्हर्स) टाकला की खालून 'धडाक्'. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना कधी लोण्यातून सुरी, तर कधी आरपीएमचा काटा उगीच साडेतीन हजारांवर जाऊन मग हिसका. आणि मेकॅनिक शेजारी बसला की यातलं काहीही नाही. चार-सहा चौक फिरवून आणावं, तर गाडी इतकी सभ्य वागायची की मेकॅनिक माझ्याकडे संशयाने बघायचा. "आवाज कसा येतो, साहेब?" असं विचारल्यावर भर गॅरेजात, चहा पिणाऱ्या पोरांसमोर, मी तोंडाने गचके काढून दाखवले आहेत. एकाने तर म्हटलं, "परत एकदा करा, मालक आतून आले नव्हते."

तेव्हा मी ठरवलं, की डावा पाय साक्ष देत नसेल तर कागद देईल. डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवली. 'सकाळ. इंजिन थंड. आर टाकताना धडाक्. एसी बंद.' 'संध्याकाळ. एकटा. कोंढव्यापर्यंत तक्रार नाही.' 'चौघं. सपाट रस्ता. ठीक.' 'चौघं. चढ. गचका, दिवा, तिसरा.' बायकोने एकदा ती वही शांतपणे वाचली आणि म्हणाली, "अहो, माझ्या बाळंतपणात डॉक्टर कळा किती मिनिटांनी येतात विचारत होते, तेव्हा तुम्हाला घड्याळ सापडत नव्हतं."

सोसायटीत बातमी पसरायला वही लागत नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी पेट्रोलपंप बदलायला सांगितलं. वॉचमनने बॅटरीवर बोट ठेवलं. सासवडहून मेहुण्याचा फोन आला, "दाजी, विकून टाका." मेहुण्याचं निदान सगळ्या यंत्रांसाठी एकच असतं, आणि ते सहसा चुकत नाही हा त्यातला वैताग.

पहिला तज्ज्ञ तेलवाला निघाला. त्याने बंद इंजिनात डिपस्टिक ओढली आणि जाहीर केलं, "तेल जास्त झालंय. थोडं काढू." आता बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत हे तेल मोजायची रीत अशी, की गाडी चालवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून दांडा पी पासून खालपर्यंत प्रत्येक घरात फिरवून परत पी वर आणायचा आणि इंजिन चालू असतानाच काडी ओढायची. इंजिन बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं आणि पातळी उगीच जास्त दिसते. हे त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "पुस्तकात असंल तसं." मी गाडी घेऊन आलो.

घरी पार्किंगमध्ये रीतसर तपासणी केली. पांढऱ्या टिशूवर एक थेंब. लालसर, पारदर्शक म्हणजे तेल ठणठणीत. काळपट आणि करपट वास म्हणजे गिअर धरून ठेवणाऱ्या आतल्या क्लच प्लेटा जळाल्या. आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी मिल्कशेकचा रंग आला तर रेडिएटरचं पाणी तेलात शिरलं, रामनाम सत्य. माझा थेंब लाल, किंचित विटकरी. वासासाठी टिशू नाकाशी धरून मी डोळे मिटले, नेमक्या त्याच वेळी चेअरमनच्या सौभाग्यवती लिफ्टमधून बाहेर आल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसलो. हा तेलातून ताकद नेण्याचा उद्योग मुळात हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने जहाजांसाठी केला, पेटंट १९०५ चं. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबिलमध्ये हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं आणि असे दोन हायड्रामॅटिक जाऊन बसले. रणगाडा युरोपात चढउतार करून आला आणि मला सासवडचे सासरे भेटेनात. आणखी पुढे वाचलं तर अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तेलात स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाचं तेल घालत असत. क्लच प्लेटा अलगद धराव्यात म्हणून. मग देवमाशाच्या तेलावर बंदी आली आणि रसायनांवर निभावू लागलं. मी हे बायकोला उठवून सांगितलं. ती कूस बदलत म्हणाली, "म्हणजे आपल्या गाडीत मासा घालायचा राहिलाय का?"

दुसरा तज्ज्ञ खरा तज्ज्ञ होता, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करणारा. त्याने स्टॉल टेस्ट केली. म्हणजे चाकांना ओट लावून, एका पायाने ब्रेक जीव खाऊन दाबायचा, डी (ड्राइव्ह) टाकायचा, दुसऱ्या पायाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि इंजिन कुठल्या आरपीएमला अडतं ते बघायचं. पाच सेकंदांच्या वर नाही, नाही तर तेलाची उकळी. काटा फार वर गेला तर प्लेटा घसरतायत, फार खाली राहिला तर इंजिनात दम नाही किंवा कन्व्हर्टरचं काहीतरी. माझा काटा मॅन्युअलमध्ये दिलेल्या हद्दीत नेमका थांबला. तेलाची चाळणीही त्याने काढून दाखवली. चुंबकाला नुसती बारीक राखाडी भुकटी, चुरा किंवा तुकडे नाहीत. मी आनंदलो. तो गंभीर झाला.

"साहेब, बॉक्स उतरवावा लागेल."

"पण सगळं तर ठीक आलं ना?"

"म्हणूनच. बाहेर काही सापडत नाही म्हणजे आत आहे."

या तर्काला माझ्याकडे आजही उत्तर नाही. उघडून प्लेटा, सील, झडपा सगळं नवं घातलं तर पाऊण लाख. नाही तर कुर्ल्याहून वापरलेला बॉक्स मागवता येईल, निम्म्यात. गाडी विकायला काढली असती तर साधारण तेवढेच आले असते. मी "बघतो" म्हटलं. गॅरेजवाल्यांना 'बघतो' म्हणजे 'चालू करा' असं ऐकू येतं हे मला पुढे समजलं.

तिसरा तज्ज्ञ म्हणजे एक मुलगा, तो लॅपटॉप घेऊन आला. केबल लावली, पडद्यावर दोन कोड आले. पी ०७०० आणि पी ०७१७. त्यातला पहिला निव्वळ दवंडी देतो, की गिअरबॉक्सला काहीतरी म्हणायचं आहे. दुसरा मुद्द्याचा. गिअरबॉक्सच्या आत शिरणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमधून सिग्नल येत नाही. मुलाने 'सेन्सर' एवढंच वाचलं, नवा सेन्सर बसवला, कोड पुसला, पैसे घेतले. गाडी पुण्याच्या रस्त्यांवर सुतासारखी सरळ झाली. मी वहीत लाल शाईने 'बरी' लिहिलं. पण कोडमध्ये सर्किटही लिहिलेलं होतं, आणि सर्किटात सेन्सरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायरही येते. ती वायर कोणी पाहिली नाही, कारण वायर विकत घेऊन विकता येत नाही.

अंजिराच्या दिवसांत पुन्हा सासवडला निघालो. कानिफनाथाच्या डोंगराकडे बघून बायकोने हात जोडले, आणि गचका, दिवा, तिसरा. या वेळी बंद-चालू करूनही पुन्हा पुन्हा तेच. उरलेला रस्ता आम्ही तिसऱ्याच गिअरवर, प्रत्येक वळणाला थांबायची वेळ येऊ नये अशी प्रार्थना करत काढला.

मेहुण्याने त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याचं आयुष्य ट्रॅक्टर आणि जीप यांत गेलेलं. आल्या आल्या त्याने स्पष्ट सांगितलं, "पाव्हणं, ह्यो आटोमॅटिकचा बाक्स मी कधी खोललेला न्हाई." हे वाक्य ऐकून मला जो धीर आला तो कुठल्याही बोर्डावरच्या 'स्पेशालिस्ट'ने आला नव्हता. मी त्याला वही दिली. त्याने वही उघडलीच नाही, मला विचारलं, "चढाला हुतंय आन माणसं भरल्यावर हुतंय. सपाटीला रिकामी असली की न्हाई. बराबर?" वहीच्या सगळ्या पानांचा अर्थ त्याने दोन वाक्यांत लावला होता.

"बानेट उघडा. ब्रेक दाबून धरा. आता डी टाका. आर टाका. डी. आर. जरा रेस द्या."

मी आत बसून दांडा खालीवर करत होतो आणि तो बाहेर उभा राहून इंजिनाकडे बघत होता. मग त्याने मेहुण्याला बोलावलं, मेहुण्याने बायकोला, आणि शेवटी सासरेही चष्मा पुसत आले. इंजिन उड्या मारत होतं. ज्या रबरी फाउंडेशनवर ते बसतं त्यातलं मागचं पार फाटलं होतं. 'धडाक्' गिअरबॉक्सचा नव्हताच, इंजिन आपटत होतं. पण दिवा आणि तिसरा? त्याने टॉर्च मारला आणि इंजिन मागे कललं की कुठली वायर ताणली जाते ती बोटाने चाचपत गेला. गिअरबॉक्सच्या डोक्यावर, नव्याकोऱ्या सेन्सरपासून वीतभर अंतरावर, बाहेरचं कव्हर कुरतडलेलं आणि आत तांब्याचे दोन-तीन धागे उरलेले.

"उंदीर," तो म्हणाला.

चढावर पूर्ण ताकद लागली की इंजिन फाटक्या रबरावर मागे कलायचं, वायर ताणली जायची, धागे सुटायचे, सिग्नल गायब, कॉम्प्युटर घाबरून तिसऱ्यात. गॅरेजच्या सपाट फरशीवर गाडी नुसती उभी असली की इंजिन कलतच नाही, मग लॅपटॉपला काय दिसणार? त्याने वायर तोडून जोडली, डाग दिला, वर स्लीव्ह चढवली आणि थोडी ढिली सोडली. फाउंडेशन दुसऱ्या दिवशी पुण्याहून मागवलं. सगळं मिळून चार हजारांच्या आत. पैसे देताना मी विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं? तो म्हणाला, "मला बाक्स खोलता येत असता तर मी बी बाक्सच खोलला असता की."

येताना बोपदेव उतरलो, मुद्दाम खालून वळून पुन्हा चढलो, परत उतरलो. डिकीत अंजिरं होती, त्यांचं जे व्हायचं ते झालं.

पुढच्या आठवड्यात त्या खऱ्या तज्ज्ञाचा फोन आला. "साहेब, कुर्ल्याहून बॉक्स आलाय. एकदम फ्रेश पीस. गाडी कधी आणताय?"

मी म्हटलं, "अहो, गरज नाही. सापडलं. उंदीर होता."

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्याने काळजीच्या सुरात विचारलं, "बॉक्समध्ये?"

"नाही हो, वायर कुरतडली होती. वर."

"वर ना," तो म्हणाला. "मग आत पण गेला असंल, साहेब. बॉक्स उतरवून बघावाच लागेल."