तारण नाही म्हणून तर आले ना, साहेब!

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. नाव घेतानाच निम्मी संध्याकाळ जाते. २०१९पासून आहे म्हणे. नवा धंदा काढायला बँकेचं कर्ज, वर राज्य सरकारचं प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान. मी बाई, त्यात गाव ग्रामीण, म्हणजे थेट ३५. ऐकून मीही हुरळले. मिरची कांडपाचं मशीन घ्यायचं होतं, दुसरं काय!

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, फुकट असते, तरी कॅफेवाल्याने तीनशे उकळले. (फुकट असते हे मला नंतर कळलं, माझंच चुकलं.) कोटेशन, जागेचा उतारा, प्रकल्प अहवाल, सगळं पोर्टलवर चढवलं. तेच कागद ऑफिसात झेरॉक्स करून पुन्हा दिले. मग ऑनलाइनचं सोंग कशाला? अर्ज पुढे सरकला आणि बँकेत जाऊन बसला.

तिथले साहेब मान वर न करता म्हणाले, "तारण काय देणार, ताई?"

अहो, लघुउद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, हा तेव्हा रिझर्व्ह बँकेचाच नियम होता. मी तसं म्हटलं, तर साहेब हसले. "नियम ठीक आहे हो, पण वसुली मलाच करायची असते." पुढच्या सोमवारी या. मग साहेब रजेवर. मग मार्च एंड. मग साहेबांची बदली, नवे साहेब, पुन्हा "तारण काय देणार?"

परवा पोर्टल उघडलं. 'अर्ज नामंजूर. कारण : अर्जदार इच्छुक नाही.'

मी इच्छुक नाही? अंगणात दोन पोती मिरची वाळत पडलीय माझी!