किरकिऱ्या मी, परखड ते

शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब झालीय, एवढंच मी टेलरला म्हणालो. सोलापूरच्या साखर पेठेतलं दुकान, परवाची गोष्ट, अजून डोक्यातून जात नाहीये. टेलरनं उत्तर द्यायच्या आधीच बाकावरचे काका पेपराआडून बोलले, "तुमचा हात आखूड असेल की ओ."

दोन्ही हात सारखेच आहेत म्हटलं तर म्हणे, "मोजलाय का कधी?"

आता हे कोण मोजतं? पण टेलरनं खरंच गळ्यातली टेप काढली आणि भर दुकानात मला सूर्यनमस्काराला उभं केल्यासारखे हात पसरायला लावून दोन्ही हात मोजले, बाहेर दोन रिक्षावाले थांबून बघायला लागले. डावा हात पाव इंचानं आखूड निघाला. "बघा!" काका म्हणाले. अहो पण मग बाही आखूड पाहिजे ना, लांब कशी, हे मी जीव तोडून सांगत होतो, ऐकणार कोण. "सकाळसकाळी किरकिऱ्या माणूस आला बे," काकांनी निकाल दिला.

आणि हे काका कोण, तर उभा जन्म चादरीच्या कारखान्यात चेकिंगला. चादर पसरायची, तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग हुडकायचा आणि खडूनं खूण करायची, खुसपट काढायचा महिन्याला पगार! त्याच बैठकीत त्यांनी टेलरच्या चहाला गुळचट पाणी म्हटलं, मग उजनी भरलं तरी नळाला रोज पाणी नाही म्हणून महापालिकेला झोडपलं (हे मात्र मला पटलं, पण मी तोंड उघडलं नाही), मग जावयाच्या मिशीवर घसरले. तर शेजारचा माणूस कौतुकानं म्हणतो, काका एकदम परखड हं.

हेच तर मला कळत नाही. आमच्या आत्यानं सगळ्या लग्नात जेवणाला नावं ठेवली तरी ती स्पष्टवक्ती, आणि वहिनीनं वरणात मीठ कमी म्हटलं की तोंडाळ. साहेब बोलला तर फीडबॅक, आपण बोललो तर निगेटिव्ह. निंदकाचं घर असावं शेजारी म्हणतात, म्हणणाऱ्यानं त्या निंदकाशी कॉमन भिंत शेअर केली नसणार.

राहवलं नाही, मी काकांना म्हटलं, टीका म्हणजे काय शिवी आहे का, ज्ञानेश्वरांनीसुद्धा शके १२१२ ला टीकाच केली होती, म्हणजे १२९० साली, अर्थ उलगडून सांगणं म्हणजे टीका.

"गीतेवर केली ओ त्यांनी," काका म्हणाले, "बाहीवर नाही."

दुकान खदखदून हसलं. शिलाई मशीनपण थांबलं.

तेवढ्यात एक बाई आल्या, ब्लाऊज काउंटरवर आपटला, "मागचा गळा बघा काय केलाय, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा." टेलर "हो ताई, बसा ताई" करत उसवायला लागला पण. काका पेपरात. काम करून घेऊन बाई पायऱ्या उतरल्या आणि मग पेपरामागून आवाज, "लई खवचट बाई आहे."

मला टेलर म्हणाला, "बाही सोमवारी बघू." शिलाई मात्र पूर्ण घेतली, वर पिशवीचे पाच रुपये.